किती दिवस नव्हे, किती रात्री?



उन्हं तापायला लागली की घराघरांत दोन विषय निघतात. एक साठवणीचं तिखट आणि दुसरं गळकं छप्पर. तिखटाचं आपण आपल्या हिमतीवर उरकतो, पण छपरासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. "पडवीचं छप्पर बदलायचंय, किती दिवस लागतात हो?" असं या महिन्यात शाळेत, बाजारात आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला मिळून मला चार जणींनी विचारलं. चौघींना जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते. किती दिवस लागतील ते मागाहून विचारा. आधी विचारा, घर किती रात्री उघडं राहील?

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, बरं का!

आमचं घर कोकणातल्या तालुक्याच्या गावी, मंगळुरी कौलांचं. मागच्या बाजूला स्वयंपाकघराला लागून १८ फूट लांब, ९ फूट रुंद पडवी आहे. धुणं, भांडी, निवडण-टिपण सगळं तिथेच चालतं. वर्षाच्या साठवणीचे डबे तिथे, सासूबाईंची खाटही तिथेच. या पडवीचं छप्पर मामंजींनी १९८४ साली आपल्या पगारातून करून घेतलेलं. दरवर्षी शाकारणी व्हायची, फुटकं कौल बदलायचं, पुढचं वर्ष निघायचं. पण अलीकडे पावसात भिंतीलगत चार-चार पातेली मांडावी लागत. शेवटी ठरवलं, यंदा छप्पर नवं करायचं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तेव्हा हिशेब साधा केला: मे महिन्यात सुट्टी, म्हणजे मे महिन्यात काम. आमचे हे नोकरीनिमित्त पुण्याला, शनिवार-रविवार घरी. सुतार येऊन वर बघून गेला आणि म्हणाला, "चार दिवस, वहिनी. पाचवा लागणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी लाकूड बघून घे, मग कौलाला हात लावू दे." मला वाटलं, मामंजींच्या हातचं छप्पर मोडतंय म्हणून त्यांचं मन घेत नाही. मी म्हटलं, "आई, आता काही पूर्वीसारखं राहिलं नाही. सगळं पटापट होतं." त्या गप्प बसल्या.

सोमवारी सकाळी गडी आले. ३ तासांत कौलं खाली, संध्याकाळपर्यंत वासेही उतरले. मी अगदी खुशीत! मग सुताराने मला शिडीवर बोलावलं. भिंतीलगतच्या ज्या आडव्या तुळईवर वाशांची वरची टोकं टेकतात, ती वाळवीने आतून पार पोखरलेली. वरून रंग शाबूत, बोट लावलं तर आत भुसा! ती बदलल्याशिवाय पुढचं काहीच करता येणार नव्हतं आणि तेवढ्या लांबीचं लाकूड वखारीत तयार नव्हतं. लाकूड यायला आठवडा गेला. मग ते कापायचं, तेल लावून वाळवायचं. मधेच सुताराच्या घरी लग्न निघालं. चार दिवसांचे १९ दिवस झाले. गंमत म्हणजे त्या १९ दिवसांत कारागिरांचे हात चालले ते ८ दिवस. बाकी सगळी वाट पाहणं. आणि छप्पर उघडं राहिलं १५ रात्री.

तिसऱ्याच रात्री वळीव आला. सुताराने जाताना ताडपत्री चार कोपऱ्यांना ताणून चादरीसारखी बांधली होती. खाली वासेच नाहीत, तर तिला आधार कशाचा? अर्ध्या तासात मधे पाणी साचून तिला हे एवढं पोट आलं. मी घाबरून डबे ओढत बसले. तोवर सासूबाई उठल्या, कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकाला जुनं लुगडं गुंडाळलं आणि खालून ते पोट हलके हलके अंगणाच्या बाजूला रेटायला लागल्या. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी. शहात्तर वर्षांची बाई रात्री दोन वाजता पदर खोचून उभी! तरी स्वयंपाकघरात उंबऱ्यापर्यंत पाणी आलंच, आणि कुरडयांचे दोन डबे गेले. "मी म्हटलं नव्हतं?" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत, ना त्या रात्री, ना पुढे कधी. ते न ऐकवणंच मला जास्त लागलं.

सकाळी त्यांनी खाली उभं राहून गड्याकडून ताडपत्री पुन्हा बांधून घेतली. वरची कड मुख्य घराच्या वळचणीच्या आत, खालची कड अंगणाकडे चांगली उतरती, आणि मधे दोन-दोन हातांवर आडवे-उभे बांबू, सुंभाने बांधलेले. त्यानंतर दोनदा पाऊस आला, पण थेंब आत आला नाही.

आता तुम्ही काय करायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, वेळ. दिवाळी झाली की मार्चअखेरपर्यंतचा काळ छपराच्या कामाला उत्तम. मे महिन्यात प्रत्येकाला सुतार हवा असतो, वळवाचा नेम नसतो, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस दारात उभा. सुट्टीच्या मोहात पडू नका.

दुसरी गोष्ट, छप्पर उघडण्यापूर्वीची तपासणी. भिंतीलगतची पाच-सहा कौलं काढून आतली तुळई आणि वाशांची टोकं बघायची. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. जाड दाभण घेऊन जागोजाग टोचा. लाकूड चांगलं असेल तर दाभण अडेल, पोखरलेलं असेल तर लोण्यात गेल्यासारखं आत जाईल. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहेच समजा. ही तपासणी अर्ध्या दिवसाची. ती मी केली असती तर माझे पंधरा दिवस वाचते.

तिसरी गोष्ट, सामान. लाकूड कापून, रंधून, तेल किंवा वाळवीचं औषध लावून, वाळून अंगणात तयार पाहिजे. आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात. ते वाळवीला चांगलं, पण कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं, तेव्हा मुलांना जवळ फिरकू देऊ नका. लोखंडी पाइपचा सांगाडा करणार असाल तर जोडकाम लवकर होतं, पण गंजरोधक रंगाचे हात वर चढवण्यापूर्वीच द्यावेत.

कौलांचा हिशेबही आधी करा. मंगळुरी कौलं (ही १८६५ साली मंगळूरला बासल मिशनच्या कारखान्यात निघाली, म्हणून हे नाव) चौरस मीटरला साधारण १५-१६ लागतात. आमच्या पडवीला वळचण धरून २० चौरस मीटरच्या वर क्षेत्र भरलं, म्हणजे ३२० कौलं. फूटतूट धरून ३५० मागवली. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे एवढ्याशा पडवीवर ८०० किलोंचं ओझं! तेव्हा "वासे बारीक चालतील" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून जुनी-नवी एका पाख्यावर मिसळू नका. रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच येतं, पण ते आणलेलं कौल समोर ठेवूनच ठरवायचं. कौल घेताना बोटाने वाजवून बघा. चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं.

चौथी गोष्ट, घरातली तयारी. कौलं उतरली की वर्षानुवर्षांची काजळी, जळमटं, उंदरांची घरटी खाली येतात. कौलांखाली विंचूही असतात, म्हणून खाली उतरवलेल्या ढिगात उघडा हात घालू नका. साठवणीचे डबे, अंथरुणं, देव सगळं आदल्या दिवशी आतल्या खोलीत हलवा. वाशांवरून विजेची तार गेली असेल तर वायरमनला बोलावून ती आधी सोडवून घ्या. त्या दिवसाचा स्वयंपाक सकाळी लवकर उरका. वृद्ध माणसांना "दोन दिवसांचं काम आहे" असं मोघम सांगू नका. त्यांची झोपायची जागा कुठे असेल, किती दिवस असेल, ते आधी बोलून ठरवा. आमच्या सासूबाई १५ रात्री माजघरात दाटीवाटीने झोपल्या. कारण मी हा विषयच काढला नव्हता.

एवढी तयारी झाली, की प्रत्यक्ष काम किती दिवसांचं? १८ फुटी पडवी असेल तर पहिल्या दिवशी जुनं उतरवून तुळई आणि वासे, दुसऱ्या दिवशी उरलेले वासे आणि रिपा, तिसऱ्या दिवशी कौलं. म्हणजे घर उघडं फक्त दोन रात्री. चौथ्या दिवशी भिंत आणि छप्पर यांचा सांधा. हा सांधा नीट करून घ्या, कारण पडवी गळते ती बहुधा इथेच. भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत घालायची, खाच सिमेंटने बुजवायची आणि आठवडाभर पाणी मारायचं. ते पाणी मारणं आपल्याकडे, गवंड्याकडे नाही, हे ध्यानात ठेवा! पाचव्या दिवशी पन्हळ आणि राडारोडा. माझ्या नणंदेने गेल्या डिसेंबरात याच पद्धतीने केलं. लाकडाच्या तयारीसकट ११ दिवस लागले, घर उघडं दोन रात्री.

ज्यांच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत त्यांना एक कळकळीची सूचना. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचे असाध्य रोग, कर्करोगसुद्धा, कित्येक वर्षांनी उद्भवू शकतात. ते पत्रे हातोड्याने फोडून काढू देऊ नका. पाणी मारून ओले करून अख्खे उतरवायचे, तुकडे कोरडे झाडायचे नाहीत, काम करणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क हवा आणि मुलं शेजारी पाठवलेली बरी. असे पत्रे जुने झाले की ठिसूळ होतात. माणूस त्यावर सरळ उभा राहिला तर पत्र्यासकट खाली येतो. फळ्या टाकूनच चढायचं, शिडी वर बांधलेली हवी. "आम्हाला सवय आहे, वहिनी" हे उत्तर मान्य करू नका. आपल्या छपरासाठी कुणाच्या घरचं माणूस पडता कामा नये.

पैशांचं बोलायचं तर सगळे आधी देऊ नका. थोडे सामानाला, थोडे वासे चढल्यावर, थोडे कौलं बसल्यावर आणि शेवटचा हिस्सा पाण्याची परीक्षा झाल्यावर. नळी लावून भिंतीच्या सांध्यावर १५ मिनिटं पाणी सोडायचं आणि आत उभं राहून बघायचं. लाकूड कोण आणणार, ताडपत्री कोणाची, राडारोडा कोण उचलणार, हे साध्या वहीच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. भांडण टळतं. छपराची उंची किंवा लांबी-रुंदी बदलणार असाल तर नगरपरिषदेत आधी विचारा, आणि पागोळ्यांचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाणार असेल तर त्यालाही. २० कौलं शिलकीत ठेवा. पुढे त्याच मापाची मिळतीलच असं नाही.

आणि हो, पहिल्या मोठ्या पावसात एखाद-दुसरा थेंब आलाच तर हातपाय गाळू नका. एखादं कौल सरकलेलं असतं. खालून खडूने खूण करून ठेवा, पाऊस उघडला आणि कौलं सुकली की सुतार पाच मिनिटांत बसवून देतो. ओल्या कौलांवर मात्र कुणालाही चढवू नका. आमच्याकडे असे दोन थेंब आले होते.

नव्या छपरात मी दोन काचेची कौलं घालून घेतली आहेत. पूर्वी पडवीत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. आता तिथे उजेडाचे दोन चौकोन पडतात. सासूबाई खाट थोडी सरकवून त्या उजेडात तांदूळ निवडतात. छप्पर कसं झालं असं त्यांना मी विचारलेलं नाही. मात्र यंदा स्वयंपाकघराची मोरी फोडून नवी करायची आहे, तर परवा आधी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आई, तुम्ही सांगा, आधी काय बघून घेऊ?"

त्यांनी अर्धा तास सांगितलं. ते सगळं पुढच्या आठवड्यात.