पाटी जुनी, भट्टी कुणाची?

चीनला माल पाहायला जाणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांपैकी कोणी बीजिंगला जाऊन आला की त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तिथले ते भाजलेले बदक खाल्ले का, आणि सर्वांत चांगले कुठे मिळते? (शहराचे पेकिंगचे बीजिंग झाले, बदक मात्र जगभर अजून ‘पेकिंग डक’च आहे.) प्रश्न वरवर जिभेचा दिसतो. आमच्या मते तो धंद्याचा आहे, आणि ज्यांची पाटी वडिलोपार्जित आहे त्यांनी तो जरा नीट ऐकावा असा आहे.

टॅक्सीवाल्यापासून हॉटेलच्या कारकुनापर्यंत परदेशी पाहुण्याला पहिले नाव सांगितले जाते ते च्वानजूदचे. स्थापना १८६४ ची. संस्थापक यांग च्वानरन हा मुळात बाजारात कोंबड्या-बदके विकणारा माणूस. त्याने च्येनमन भागातले सुक्या मेव्याचे एक बुडीत दुकान घेतले आणि जुन्या नावाची अक्षरे उलटी फिरवून नवी पाटी लावली. पण दुकान चालले ते त्या पाटीवर नव्हे. राजवाड्यासाठी भाजण्याचे काम केलेल्या सुन आडनावाच्या एका उस्तादाला त्याने चांगला पगार देऊन आणले, असे सांगतात. टांगून भाजण्याची रीत त्या उस्तादाच्या हातून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आली. मालकाजवळ हुनर नव्हते, पण हुनराची किंमत त्याला कळत होती.

हे काम किती बारीक आहे ते पाहा. बदक साफ केल्यावर कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरून ती दोन्ही सुटी करतात. वरून उकळते पाणी ओततात, म्हणजे कातडी आवळते. मग माल्टच्या पाकाचा हात फिरवून पक्षी टांगून वाळवतात. ही वाळवण घाईत उरकली तर पुढे कितीही चांगला विस्तव असला तरी कातडी कुरकुरीत होत नाही. भाजताना पोटात पाणी भरलेले असते. त्यामुळे आतून मांस शिजते व बाहेरून कातडी भाजते. विस्तवासाठी बोर, नासपती अशा फळझाडांचे कठीण लाकूड घेतात, कारण त्याला धूर कमी असतो. भट्टीला दार नसते. उस्ताद लांब काठीने एकेक पक्षी फिरवतो, कधी ज्वाळेवर उचलून धरतो, आणि पाऊण ते एक तासात केव्हा काढायचे ते रंगावरून ठरवतो. त्यानंतर गिऱ्हाइकासमोर काप काढायचे, तेही कातडी गरम असेपर्यंत. गव्हाच्या पातळ पोळीत कांद्याची पात, काकडी आणि गोडसर काळी चटणी घालून ते खातात.

दुसरी रीत याहून जुनी. ब्येनयीफांग हे दुकान आपला वारसा १४१६ पासूनचा सांगते. तिथे भट्टी आधी तापवून घेतात, विस्तव विझल्यावर बदक आत ठेवतात आणि दार बंद करतात. पक्ष्याला ज्वाळेचे दर्शनच होत नाही. भिंतींच्या धगीवर तो शिजतो. मांस अधिक रसाळ राहते, कातडी तेवढी कुरकुरीत होत नाही. एकदा दार बंद झाले की चूक सुधारता येत नाही, म्हणून भट्टी किती तापली हे ओळखण्यातच सगळी कसब. या दोन्ही रीती २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत गेल्या.

यादीत नाव गेले, पण गल्ल्यावर काय झाले? सरकारी समूहाच्या ताब्यात असलेली च्वानजूद कंपनी २००७ मध्ये शेनझेनच्या शेअरबाजारात उतरली. शाखा वाढवायच्या तर इतके उस्ताद आणायचे कुठून? म्हणून काही शाखांत संगणकावर चालणाऱ्या विजेच्या भट्ट्या आल्या. लाकडाचा वास यावा म्हणून बदकावर फळांचा रस मारण्याची युक्ती निघाली. २०१६ मध्ये घरपोच बदक सुरू झाले, २०१७ मध्ये बंद पडले. भाव चढे, वर सेवेचे दहा टक्के वेगळे. शहरातले लोक म्हणू लागले की हे दुकान आता पर्यटकांसाठी आहे. २०२० मध्ये सुमारे २६ कोटी युआनचा तोटा झाला. त्या वर्षी कोरोनाने सर्वांनाच बुडवले हे खरे, पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने भाव दहा ते पंधरा टक्के उतरवले आणि सेवेचा आकार काढून टाकला. दीडशे वर्षांच्या पाटीला गिऱ्हाइकाची अशी मनधरणी करावी लागली.

वाढू नये असे आमचे म्हणणे नाही. यंत्र वाईट असेही आम्ही म्हणत नाही. ज्याच्याकडे पन्नास कामगारांचा पगार द्यायचा असतो त्याला यंत्राची गरज आम्ही काय शिकवणार? पण गिऱ्हाईक ज्या एका गोष्टीचे पैसे देते तीच काढून घेऊन भाव तोच ठेवला, तर त्याला व्यवहार म्हणता येत नाही.

त्याच शहरात दोंग चनश्यांग या स्वयंपाक्याने दादोंग हे नाव उभे केले. कमी चरबीचे, तरी कातडी खुसखुशीत असे बदक ही त्याची ओळख. म्हणजे पाटी नवी, पण मालक स्वतः भट्टीवर घडलेला. त्यालाही सगळीकडे यश आले असे नाही. २०१७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला मोठ्या थाटात उघडलेली शाखा २०१९ मध्ये बंद झाली. भट्टी समुद्रापार नेता येते, ती ओळखणारे गिऱ्हाईक बरोबर नेता येत नाही.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असेही एक उदाहरण तिथे आहे. डोंगलायशुन ही बीजिंगच्या मुसलमानांची नामांकित खानावळ. १९०३ मध्ये तिंग दशान या हुई मुसलमानाने बाजारातल्या एका टपरीवर सुरुवात केली. उकळत्या पाण्यात बुडवून खायचे मेंढीचे मांस ही तिथली खासियत. तिंगने काय केले? एका नावाजलेल्या खानावळीतला मांसाचे पातळ काप काढणारा कारागीर जास्त पगार देऊन फोडला. सुरी चालवणाऱ्या त्या एका माणसाने टपरीची पेढी केली. यांग आणि तिंग, दोघांनीही पहिला मोठा पैसा जागेवर नाही, हातावर घातला.

मग चांगले बदक कुठे खावे? आमचे मत असे की वय विचारू नये. जिथे स्थानिक कुटुंबे रांगेत उभी असतात तिथे जावे. अलीकडे सीची मिनफूच्या शाखांपुढे अशा रांगा लागतात. भट्टी दिसते का, लाकूड जळते का, हे आधी पाहावे. बंद भट्टीची चव घ्यायची तर ब्येनयीफांग आहेच.

अर्थात ही नावाजलेली दुकाने सर्वसाधारणपणे हलालची नाहीत. बदक हलाल पक्षी असला तरी जबीहाचा प्रश्न राहतो, आणि त्याच मुदपाकखान्यात डुकराचे मांसही शिजते. ज्यांना परहेज आहे त्यांनी न्यूच्ये मशिदीच्या परिसरात चौकशी करावी; मुस्लिम खानावळींतूनही भाजलेले बदक मिळते. २०१९ मध्ये बीजिंगच्या अनेक हलाल दुकानांना पाटीवरची अरबी अक्षरे व चंद्रकोर काढावी लागली, तेव्हा दुरून ओळख पटेलच असे नाही. ‘छिंगचन’ हा हलालसाठीचा चिनी शब्द तिथल्या ओळखीच्या दलालाकडून कागदावर लिहून घ्यावा आणि पाटीशी ताडून पाहावा. आणि बदक आधी सांगून ठेवावे, भाजायला तासभर लागतो.