एकच खावं असं फळ

सॅन होजेच्या आमच्या घरामागे आधीच्या मालकाने लावलेलं स्ट्रॉबेरी ट्री आहे. खऱ्या स्ट्रॉबेरीशी त्याचं काही नातं नाही. शास्त्रीय नाव आर्बुटस उनेडो, मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. बारा महिने हिरवं, आणि एकदा रुजलं की उन्हाळ्यातसुद्धा फारसं पाणी मागत नाही. तक्रार एकच. नोव्हेंबरात फरशीवर पिकल्या फळांचा चिकट सडा! तो धुवायचं काम नवऱ्याकडे, त्यामुळे "हे काढू, लिंबू लावू" हे त्याचं पालुपद.

मागच्या नोव्हेंबरात आई इथे होती. तिने एक फळ तोंडात टाकलं. "दिसतं लिचीसारखं, पण चव काहीच नाही गं!" प्लिनीनेही जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी 'उनेडो'चा अर्थ असाच लावला होता: एकच खावं असं. (पोर्तुगालचे लोक हुशार, ते याची दारू गाळतात.)

उपयोग नाही म्हणून झाड तोडायचं हे मला मुळातच पटत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. याचं फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, त्यामुळे पांढरी, घंटेसारखी फुलं आणि लाल फळं एकाच फांदीवर दिसतात. आत्ता जी फळं पडताहेत, त्यांची फुलं आईने पाहिली होती. त्या फुलांवरच्या मधमाश्या बघत ती इथेच खुर्ची टाकून बसायची. मार्चमध्ये ती गेली.

फरशी यंदा मी धुतेय. लिंबू कुंडीतही येतं.