जुनी गिरणी आणि तरुण शेतकरी

जुनी वास्तू जतन करावयाची म्हणजे तिला कुलूप घालून दारावर पाटी लावावयाची, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. अशा वास्तूपासून फारसे कोणी काही शिकत नाही. कामाची वस्तू कामात ठेवूनच खरी जतन होते आणि ते काम समजून घेण्याचा पहिला हक्क तरुणांचा आहे, असे आमचे मत आहे. अमेरिकेतील एका पाणगिरणीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

व्हर्जिनिया राज्यात माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांची विस्तीर्ण शेती होती. तंबाखूचे पीक वारंवार घेतल्याने जमिनीचा कस उतरत असे. म्हणून १७६० नंतरच्या दशकात त्यांनी तंबाखू सोडून गव्हाकडे लक्ष वळविले. गहू तसाच न विकता पीठ करून विकावा, या हेतूने १७७१ मध्ये त्यांनी डोग रन या ओढ्याच्या पाण्यावर चालणारी दगडी गिरणी बांधविली. शेजाऱ्यांचे धान्य दळून दिल्यास त्याचा आठवा हिस्सा दळणावळ म्हणून ठेवला जाई. स्वतःच्या गव्हाचे पीठ पिंपांत भरून वेस्ट इंडीजपर्यंत विक्रीस जाई. १७९१ मध्ये तेथे ऑलिव्हर इव्हान्स यांची नवी यंत्ररचना बसविण्यात आली. लहान डब्यांच्या फिरत्या पट्ट्याने धान्य वरच्या मजल्यावर जाऊ लागले आणि दळलेले पीठ यंत्रानेच पसरून थंड होऊ लागले. माणसांची ओझी वाहण्याची मेहनत त्यामुळे पुष्कळ वाचली.

१८५० च्या सुमारास ही गिरणी पाडली गेली. १९३२-३३ मध्ये व्हर्जिनिया राज्याने ती मूळ जागी पुन्हा उभारली. ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही शेतीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांची संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली होती. तिने १९३९ मध्ये या गिरणीच्या जवळच, वॉशिंग्टन यांच्या जुन्या जमिनीपैकी साडेअठ्ठावीस एकर जमीन आपल्या राष्ट्रीय शिबिरासाठी विकत घेतली. पुढे गिरणीची संपूर्ण दुरुस्ती झाली. २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली आणि पाण्याच्या चाकावर तेथे पुन्हा धान्य दळले जाऊ लागले.

अशा ठिकाणी तरुण शेतकऱ्याने काय पाहावे? जमिनीचा कस जात असेल तर पीक बदलण्याचे धैर्य पाहावे. धान्याचे पीठ केल्याने मालाची किंमत कशी वाढते, हे पाहावे. आणि आणखी एक गोष्ट पाहावी. या शेतावर राबणारे बहुसंख्य लोक गुलाम होते. पिठाची पिंपे बनविणारे कारागीरही गुलामच होते. जे संग्रहालय ही गोष्ट झाकून ठेवील, ते केवळ मालकाचे गुणगान करील. श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक शेताला व प्रत्येक गिरणीला विचारावयास हवा.

जुन्या वस्तूंवर वेळ व पैसा कशाला घालवावा, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच गैर नाही. विजेच्या चक्कीने आपल्या माताभगिनींची पहाटेची जात्यावरील कष्टाची दळणे संपविली, हे चांगलेच झाले. त्या कष्टाकडे परत जावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जाते, मोट, तिफण, बैलाचा घाणा या वस्तू भंगारात गेल्या, की त्यांत साठलेले ज्ञानही जाते. तिफण हाती धरल्यावाचून दोन ओळींतील अंतराचे महत्त्व मुलाला नीट उमगत नाही. खालची तळी स्थिर आणि वरची फिरती का, हे जात्यात मूठभर दाणे वैरल्याने जितके कळते तितके चित्रावरून कळत नाही.

म्हणून ग्रामकार्यकर्त्यांना आमची सूचना अशी: गावात युवकांचे शिबिर भरेल तेव्हा एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा. गावातील जुनी अवजारे एकत्र आणावीत, मोडलेली दुरुस्त करावीत आणि ती वापरलेल्या वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांकडून ती चालवून घ्यावीत. त्यांनी सांगितलेली माहिती मुलांनी वहीत उतरून घ्यावी. यास मोठा खर्च नाही. मात्र विलंब परवडणारा नाही. कारण अवजार पुन्हा घडविता येते, ते चालविणारा जाणता हात गेल्यावर परत मिळत नाही.