भिंतीवरचे लिहिणे आणि कॅनव्हास

भिंती रंगवणारा कलावंत कलादालनात शिरला, की 'विकला गेला' हा शेरा तयारच असतो. न्यूयॉर्कच्या झाँ-मिशेल बास्कियाच्या वाट्यालाही तो आला. आम्हांला हा शेरा आळशीपणाचा वाटतो. बास्किया भिंतीवर नेमके काय करीत होता, हे त्यात पाहिलेलेच नसते.

तो भिंतींवर मुख्यतः लिहीत होता. १९७८च्या सुमारास अल डियाझ या मित्रासह 'सेमो' या टोपणनावाने (अर्थ साधारण 'तेच ते जुने', मूळ इंग्रजी मात्र बरेच शिवराळ) मॅनहॅटनच्या भिंतींवर त्याने तिरकस, सूत्रवजा वाक्ये लिहिली. पुढे दोघे वेगळे झाले आणि 'सेमो मेला' अशी घोषणाही भिंतींवरच झाली. १९८१मध्ये पी.एस. १ येथील प्रदर्शनाने बास्कियाचे नाव झाले. पाठोपाठ दालन, कॅनव्हास, पैसा. पण शब्द सुटले नाहीत. नावे, याद्या, शरीराच्या अवयवांच्या संज्ञा तो कॅनव्हासवर लिहितो आणि खोडतो. खोडलेला शब्द माणूस अधिक निरखून वाचतो, असे त्याचे म्हणणे होते. हस्तलिखिते चाळणाऱ्या कोणाही अभ्यासकाला ते पटावे.

म्हणजे लेखक तोच राहिला, बदलला तो वाचक. भिंतीवरचे वाक्य कामावर निघालेल्या माणसाला फुकट, न मागता मिळत असे. २०१७मध्ये त्याचे १९८२चे एक चित्र लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरना गेले. आमची तक्रार असलीच तर ती या अंतराविषयी आहे.

आणि भिंतीवर लिहिणे प्रत्येकाला परवडत नव्हते. सप्टेंबर १९८३मध्ये मायकेल स्ट्यूअर्ट या पंचविशीतल्या कृष्णवर्णीय तरुणाला भुयारी रेल्वेच्या स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडले गेले. पोलिसांच्या ताब्यात तो बेशुद्ध झाला आणि तेरा दिवसांनी वारला. खटला चाललेले सहाही पोलीस १९८५मध्ये निर्दोष सुटले. स्ट्यूअर्टच्या जागी आपणही असू शकलो असतो, ही जाणीव बास्कियाला छळत राहिली. तोवर तो दालनांचा लाडका झाला होता. तरी हे चित्र त्याने कॅनव्हासवर काढले नाही. कीथ हॅरिंग या चित्रकार मित्राच्या स्टुडिओच्या भिंतीवर काढले : दोन पोलीस, उगारलेले दंडुके, मधोमध एक काळी आकृती. वर एकच शब्द, 'डिफेसमेंट', प्रश्नचिन्हांसह. आपल्या कायद्याच्या मराठीत यालाच 'विद्रूपण' म्हणतात. विद्रूप कोणाला केले गेले, भिंतीला की माणसाला, हे ती प्रश्नचिन्हेच विचारतात.

स्टुडिओ सोडताना हॅरिंगने भिंतीचा तेवढा तुकडा कापून घेतला. पुढे तो सोनेरी चौकटीत बसवून त्याने आपल्या पलंगाच्या वर टांगला. २०१९मध्ये त्याच तुकड्याभोवती गुगेनहाइम संग्रहालयाने एक प्रदर्शन उभे केले.