रात्री पेट्रोल कमी होतं

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो होतो तेव्हा घरात एक गंभीर मीटिंग झाली. विषय: बाबांनी आता गाडी चालवावी का?

गाडी म्हणजे १९८५ची प्रीमियर पद्मिनी. मुळातली फियाट ११००, आपल्या कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईची काळी-पिवळी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली. आमची काही कागदोपत्री व्हिंटेज नाही (२०२१च्या नियमांप्रमाणे त्याला ५० वर्षं लागतात), पण बाबांच्या लेखी ती घरातली थोरली मुलगी.

झालं असं होतं की, आईला घेऊन रात्री पुण्याहून परतताना खंबाटकीच्या अलीकडे गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं. अंधार, शेजारून धडधडत जाणारे ट्रक, आणि आईचा जीव मुठीत. "काटा तळाला गेलेला दिसला नाही का हो?" या प्रश्नावर बाबांचं उत्तर होतं, "तो नेहमीच खाली असतो. रात्री तर पेट्रोल आणखीच कमी होतं."

रात्री पेट्रोल कमी होतं! ताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. न बोलता दोघांचं एकमत झालं. वय झालं आता बाबांचं. विसरायला लागलेत.

खरं म्हणजे काट्याची तक्रार ते वर्षभर करत होते. मी त्यावर आपल्या पद्धतीने उपाय केलाही होता. जुन्या बाजारातून १८०० रुपयांचं दुसरं मीटर आणून बसवून घेतलं. तेही कमीच दाखवायला लागलं, तेव्हा "जुन्या गाड्यांचं असंच असतं" म्हणून तिकीट क्लोज!

मीटिंगनंतर रविवारी सकाळी मात्र मनाला काहीतरी टोचत होतं, म्हणून मल्टिमीटर घेऊन अंगणात गेलो.

ही यंत्रणा अगदी साधी. टाकीत एक तरंगता फ्लोट, त्याच्या दांडीला जोडलेला बदलता रेझिस्टन्स. याला सेंडर म्हणतात. बॅटरीचा करंट इग्निशनमधून मीटरमध्ये, तिथून एका वायरने सेंडरमध्ये आणि सेंडरमधून गाडीच्या बॉडीत, म्हणजे अर्थिंगला. आमच्या गाडीत टाकी भरली की रेझिस्टन्स कमी, करंट जास्त, काटा वर. (काही ब्रिटिश गाड्यांत हे नेमकं उलटं असतं, त्यामुळे आधी आपली जात ओळखा.) थोडक्यात, काट्याला पेट्रोल दिसतच नाही. त्याला फक्त करंट कळतो.

पहिली परीक्षा: इग्निशन बंद करून सेंडरची वायर काढली आणि टाकीपासून लांब, चांगल्या अर्थला क्लिपने जोडली. मग किल्ली फिरवली. (क्रम महत्त्वाचा. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको!) काटा झपकन फुलवर. वायर सोडली, काटा रिकाम्यावर. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. १८०० रुपये पाण्यात.

दुसरी परीक्षा: वायर काढलेली ठेवून सेंडरचा रेझिस्टन्स आधी त्याच्याच पत्र्याशी मोजला. आकडा स्थिर. मग तोच बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजला. आकडा कितीतरी जास्त, आणि टाकीवर थाप मारली की नाचतोय! म्हणजे सेंडरही ठीक. बिघाड टाकी आणि बॉडीच्या मधल्या गंजलेल्या जोडात. अर्थिंगच धड नाही.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मागच्या दिव्यांची अर्थही त्याच गंजलेल्या जागेतून जात होती. दिवे लावले की त्यांचाही करंट त्याच अडचणीतून जाणार, तिथलं व्होल्टेज वाढणार, मीटरमधला करंट आणखी घटणार, काटा आणखी खाली. किल्ली फिरवून दिवे लावून बघितले. काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरला.

रात्री पेट्रोल कमी होतं.

इतका अचूक बग रिपोर्ट मला ऑफिसमध्ये आजवर मिळालेला नाही. लक्षण काय, कधी दिसतं, कधी वाढतं, सगळं त्या एका वाक्यात होतं. फक्त सांगणाऱ्याने कारण चुकीचं लावलं होतं आणि कारण शोधणं हे त्याचं काम नव्हतंच. ते माझं होतं. आणि मी काय केलं? कारण हास्यास्पद वाटलं म्हणून लक्षणही फेकून दिलं.

आपण आयटीवाले हे रोज करतो. युजर म्हणतो, "सोमवारी सिस्टीम रुसते." आपण हसतो, 'रिप्रोड्यूस होत नाही' असं लिहितो, किंवा हाताला येईल तो भाग बदलून मोकळे होतो. माझं मत स्पष्ट आहे: तक्रारीतलं कारण खुशाल बाजूला ठेवा, पण "कधी" आणि "कुठे" हे शब्द सोन्यासारखे जपा. आणि मोजल्याशिवाय काही बदलू नका. बदलल्याने समाधान मिळतं, उत्तर मिळेलच असं नाही.

दुसरं, सतत खोटी भीती घालणारा काटा हा बंद काट्यापेक्षा वाईट. वर्षभर "संपलं, संपलं" ऐकून बाबांनी त्याच्याकडे बघणंच सोडलं, आणि एका रात्री ते खरं निघालं. लांडगा आला रे आला. यात विसराळूपणा कुठे आला? आपणही रोजच्या शंभर अलर्टना हेच करतो की.

दुरुस्ती म्हणाल तर पॉलिश पेपर, हातभर वायर, दोन टर्मिनल आणि गंज धरू नये म्हणून वरून थोडं ग्रीस. शंभर रुपयांच्या आत काम झालं.

संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं, दिवे लावले. काटा जागचा हलला नाही. मी म्हणालो, "बाबा, तुमचं बरोबर होतं." ते काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, मी वर्षभर तेच सांगत होतो."

ताईला फोन करून मीटिंग रद्द केली. पुढच्या वेळी घरातलं कुणी काहीतरी विचित्र बोललं, तर वय मोजण्याआधी मी मल्टिमीटर काढणार आहे.