विहाराच्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाचा तास हवा

वर्षावास जवळ आला आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या वस्त्यांतले विहार गजबजतील. ठिकठिकाणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होईल. मग धम्मचक्र प्रवर्तन दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, १ जानेवारीची भीमा कोरेगावची मानवंदना, ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला माता रमाई, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब आणि वैशाखात बुद्ध पौर्णिमा. वर्षभराच्या या कार्यक्रमांसाठी विहार समित्या आणि महिला मंडळे लवकरच बैठका घेतील, वर्गणीची पावती पुस्तके छापायला जातील.

नेमक्या याच वेळी आम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. या यादीत आरोग्य शिबिर बहुधा असते. वर्षातून एकदा डॉक्टर येतात, रक्तदाब मोजतात, चार गोळ्या मिळतात. ते चांगलेच आहे. पण तब्येत वर्षातून एका दिवसाच्या शिबिराने सुधारत नाही. वस्तीतल्या बायांना, मुलींना आणि म्हाताऱ्या माणसांना दर आठवड्याला ठरलेल्या वेळी खेळायला, चालायला, गायला आणि हसायला मिळाले पाहिजे. तो तास विहाराच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असला पाहिजे. छापले की ते ठरते, आणि ठरले की घरातली बाई “मला जायचे आहे” असे उघडपणे म्हणू शकते.

फुरसत ही चैन नाही

“आपण गरीब माणसे, आपल्याला कसला आलाय खेळ?” असे अनेकजण म्हणतात. बाबासाहेबांचा विचार याच्या नेमका उलट होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक बाबासाहेबांच्याच खात्याचे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात त्यांनी यंत्रांची बाजू घेतली, ती याच कारणासाठी. यंत्रामुळे माणसाची ढोरमेहनत कमी होते, त्याला फुरसत मिळते आणि फुरसत असेल तरच माणूस विचार करू शकतो, शिकू शकतो, माणसासारखा जगू शकतो, असा तो मुद्दा आहे.

स्वतः बाबासाहेब कामात बुडालेले असूनही बागेत रमत. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले होते. मधुमेहाने त्यांना शेवटची काही वर्षे किती छळले, हेही आपल्याला ठाऊक आहे. आज तोच आजार आपल्या गल्लीगल्लीत आहे. त्याच्याशी लढताना फुरसत, चालणे आणि मन मोकळे होणे यांचे मोल आपण गोळीइतकेच मानले पाहिजे.

धम्मातही शरीर हलते ठेवण्याला जागा आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे पावले टाकत येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, मेहनतीचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली समाधी टिकते. विहारात फक्त मांडी घालून बसायचे, असा नियम कुठेही नाही.

आपल्या कार्यक्रमात कोण हलते?

कोणत्याही जयंतीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. तरुण मुले मिरवणुकीत नाचतात. बाया पहाटेपासून भोजनदानाच्या तयारीत असतात: कांदा चिरणे, भांडी घासणे, पंगत वाढणे. म्हातारी माणसे पहिल्या रांगेत खुर्च्यांवर तीन तास भाषणे ऐकतात आणि उठताना गुडघा धरतात. आठवी-नववीतल्या मुली पांढऱ्या साड्या नेसून स्वागतगीत म्हणतात आणि घरी जातात. त्यांचे खेळणे पाळी सुरू झाली तेव्हाच थांबलेले असते. पाळीत खेळू नये, यामागे वैद्यकशास्त्राचे काही कारण नाही. त्रास होत नसेल तर मुलीने खुशाल खेळावे.

म्हणजे कार्यक्रम सगळ्या वस्तीचा, पण मनोरंजन एकाच वयाच्या मुलांचे. एरवीही तसेच. गल्लीच्या तोंडावरचा कट्टा मुलांचा, मैदान उरले असेल तर तेही मुलांचेच. समतेची भाषा आपण रोज बोलतो. ती संध्याकाळी सहा वाजता मैदानावर दिसते का, हे एकदा पाहावे.

शरीराला किती हवे?

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे. मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे दम थोडा वाढेल अशी हालचाल हवी. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालले की ती पूर्ण होते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हवीत. पासष्ट वर्षे आणि त्यापुढच्या ज्येष्ठांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत, कारण त्या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड आणि कायमचे अंथरूण.

यावर घरकामाला जाणारी, झाडूकाम करणारी किंवा नाक्यावर उभी राहणारी बाई म्हणेल, “आम्ही दिवसभर राबतोच की, आणखी व्यायाम कशाला?” तिचे म्हणणे खरे आहे. तिचे चालणे झालेलेच असते. पण तेच तेच वाकणे, तेच उचलणे, विसावा नाही आणि वर कुणाचे तरी ओरडणे, अशा श्रमाने कंबर आणि खांदे झिजतात, मन मोकळे होत नाही. अशा बाईला आणखी दमवणारा व्यायाम नकोच. तिला पाठ सैल करणारे ताण हवेत, दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष हवे, मैत्रिणींबरोबर एखादा खेळ आणि पोटभर हसणे हवे.

फुगडी, झिम्मा, लंगडी, सागरगोटे हे खेळ आपल्या आया-आज्यांना येतात. कुणी म्हणेल, हे तर मंगळागौरीचे. पूजा आणि व्रत आपण सोडले, ते बरोबरच झाले; पण बायांचे पाय आणि टाळ्या कुणा देवाच्या मालकीच्या नाहीत. खेळ घ्यावा, कर्मकांड घेऊ नये. लेझीम तर आपल्याकडे आहेच. हलकी लेझीम वीस मिनिटे खेळली तरी खांदे, पाय आणि फुप्फुसे तिघांनाही काम मिळते.

मिरवणूक राहू द्या, आवाज उतरवा

मनोरंजनाचा विषय निघाला की डीजेचा विषय टाळता येत नाही. ज्या समाजाला तळ्याचे पाणी नाकारले गेले, ज्याला महाडला १९२७ साली त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो समाज वर्षातून एकदा भर रस्त्यातून मान वर करून चालतो. त्या चालण्याला मोठा अर्थ आहे. मिरवणूक बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. आणि आवाजाचा नियम सांगणाऱ्याने तो सर्वांच्या सणांना सारखाच लावावा, हेही आमचे म्हणणे आहे.

पण कान कुणाचाही असो, नियम एकच आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांहून जास्त ऐकू नये. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरसमोर चार तास नाचणारा मुलगा आपल्याच पोटचा असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. त्याच गल्लीत हृदयविकाराचा माणूस, बाळंतीण आणि बारावीची परीक्षा दिलेली मुलगी असते. लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते. ती वेळेची असते, आवाजाची नव्हे.

आपल्या चळवळीला मोठा आवाज कधीच कमी पडला नाही, पण तो माणसांच्या गळ्यातला होता. भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोहोचवला. डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचले तर त्यात लेझमीचे संच, दोन कॅरम बोर्ड, मुलींसाठी खो-खोचे खांब आणि एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र येऊ शकते. त्या वस्तू वर्षभर वस्तीत राहतात.

“जागा कुठे आहे? वेळ कुठे आहे?”

जागेचा प्रश्न खरा आहे. घाटकोपरचे रमाबाई नगर असो की गोवंडी, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे मैदान कुठून आणायचे? पण विहाराचे सभागृह आहे. बऱ्याच ठिकाणी ते सकाळी वंदनेला उघडते आणि मग संध्याकाळपर्यंत कुलूप असते. ते कुलूप दुपारी तीन ते चार बायांसाठी आणि संध्याकाळी एक तास मुलींसाठी उघडावे. पावसाळ्यात तर याहून चांगली जागा नाही. महापालिकेच्या शाळेचे पटांगण सुटीच्या दिवशी मिळावे म्हणून मुख्याध्यापकांना आणि प्रभाग कार्यालयाला समितीच्या शिक्क्याचा अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी.

वेळेचा प्रश्न बायांचा आहे, आणि त्याचे उत्तर पुरुषांकडे आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि पाणी भरणे घरातल्या पुरुषाने केले, तर बाईला तास मिळतो. विहारात सभापतींनी हे व्यासपीठावरून सांगावे आणि आधी स्वतःच्या घरी करून दाखवावे.

तरुणांची गोष्ट वेगळी आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो, पण वस्तीत दारू आणि गुटखा सहज मिळतो. नुसत्या भाषणाने पोरगा कट्ट्यावरून उठत नाही. संध्याकाळी सात वाजता त्याची कुणीतरी वाट पाहत असेल, कबड्डीच्या संघात त्याची जागा ठरलेली असेल, तर तो उठण्याची शक्यता वाढते.

या वर्षावासात एवढे करावे

पहिले, ग्रंथवाचन संपल्यावर लगेच उठू नये. वीस मिनिटे चंक्रमण किंवा हलके ताण करावेत. ज्येष्ठांनी भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या पायावर.

दुसरे, आठवड्यातले दोन तास बायांचे आणि दोन तास मुलींचे ठरवावेत. वेळ विहाराच्या फळ्यावर लिहावी. मुलींच्या तासाला वस्तीतल्या दोन वडीलधाऱ्या बायांनी हजर राहावे, म्हणजे आईबाप निर्धास्त राहतील.

तिसरे, महिन्यातून एकदा आशाताईंना बोलवावे. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची, तसेच बायांची स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. खेळाला आलेली बाई तपासणीला सहज तयार होते. विदर्भातल्या वस्त्यांनी सिकलसेलची तपासणीही याच वेळी करून घ्यावी. ज्यांना तो आजार आहे त्यांनी भरपूर पाणी प्यावे, अतिदम लागू देऊ नये, थंडीत भिजू नये.

चौथे, भोजनदानात मुगाची किंवा मटकीची उसळ ठेवावी, बुंदी कमी करावी. बुद्ध पौर्णिमेची खीर असावीच, फक्त वाटी लहान असावी.

थोडी सावधगिरीही हवी. खेळायला लागलो म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी परस्पर बंद करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये. छातीत दुखले, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबावे आणि दवाखाना गाठावा.

या सगळ्याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो समितीच्या बैठकीत एक ठराव, आणि तो मांडायला एक आवाज. येत्या बैठकीत बायांनी मागे सतरंजीवर न बसता पुढे बसावे आणि हा ठराव स्वतः मांडावा. कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी तिच्यात खेळाचा तास आला आहे की नाही, हे तपासूनच सही करावी.

जय भीम. नमो बुद्धाय.