उन्हाचं कुठं निघालात?

“उन्हाचं कुठं निघालात?” मावशींनी विचारलं.

“असंच, फिरायला.”

“कुनाकडं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या बीडकडे माणूस डोंगरात जातो तो शेरडांमागे, सरपणाला, सीताफळाला, नाहीतर कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला. कामाशिवाय चढून पुन्हा उतरणारा म्हणजे एकतर मोजणीवाला, नाहीतर पवनचक्कीवाला. यातला मी कुणीच नाही हे पटवण्यात पाच मिनिटं गेली, आणि मावशींना ते पटलं असं मला अजूनही वाटत नाही.

दसऱ्यानंतरचा आठवडा, दुपारचे तीन. मांजरसुंब्याच्या चौकात धुळे-सोलापूर आणि नगर-अहमदपूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तिथला गोंगाट मागे टाकून मी बालाघाटाच्या कडेकडेने निघालो होतो. तासाभराची चाल. वाट अशी नव्हतीच. शेरडांनी पाडलेल्या वाटा होत्या, आणि शेरडांना कुठे पोचायचं नसल्याने त्या वाटाही कुठे पोचत नाहीत. पायाखाली सुटे दगड, मुरूम, मध्येच काळा कातळ. अंगाला घासणारी हेकळ, घाणेरी, बोरी. तरवड अजून पिवळाधमक होता. नवरात्रात घटावर ज्याच्या फुलांची माळ चढते तो हाच, नऊ दिवस झाले की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आणि कुसळ. म्हणीत ते दुसऱ्याच्या डोळ्यात असतं, बालाघाटात ते आपल्या पायमोज्यात असतं. हे गवत वाळलं की त्याचं बी लांब शेपटीसकट सुटतं. शेपटी ओल लागली की उलगडते, सुकली की पीळ घेते, आणि त्या पिळाच्या जोरावर बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. जमीन सापडली नाही तर त्याला माणूसही चालतो. पायमोजे घालून गेलो हा माझा शहाणपणा.

मावशी सीताफळं तोडत होत्या. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, ‘धारूर 6’ ही जात तिथलीच. पण डोंगरातलं सीताफळ कुणी लावलेलं नाही. नाव सीतेचं, कूळ अमेरिकेतलं, आणि या उघड्या डोंगरावर ते टिकलं ते एकाच कारणाने: शेरडं त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. ज्या ज्या झाडाचा पाला चवीला बरा होता, ते कोवळेपणीच खुडलं गेलं. हा न्याय मला नेहमीच जरा बोचतो.

“डोळे बगायचे,” मावशी म्हणाल्या. दोन डोळ्यांमधली भेग रुंद झाली, पांढुरकी झाली की फळ तोडायचं. घाई केली तर ते पिकत नाही, काळं पडून आकसतं. त्यांचा हात न बघता फिरत होता. मी दोन फळं दाखवली; दोन्ही नापास.

वरच्या उंचवट्यावर दोघंही टेकलो. उत्तरेकडे घाट उतरला की पाली, तिथलं बिंदुसरेचं धरण, पुढे बीड. या अंगाला पडलेला पाऊस बिंदुसरेतून सिंदफणेत आणि तिथून गोदावरीत जातो. दक्षिणेच्या अंगाचा मांजरेला मिळतो. मांजरा पलीकडे पाटोदा तालुक्यातल्या गवळवाडीजवळ उगवते आणि 724 किलोमीटरचा वळसा घालून तेलंगणाच्या वेशीवर कंदकुर्तीला गोदावरीतच शिरते. एका पाठीवरून दोन बाजूंना निघालेलं पाणी तिथे पुन्हा भेटतं. मधल्या या पाठीवर मात्र ते थांबत नाही.

केज तालुक्यात धनेगावला मांजरेवर धरण आहे, लातूर शहराची तहान त्याच्यावर भागते. 2016 च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ म्हणत त्या गाडीला. तिचे फोटो देशभर छापून आले. मिरज म्हणजे कृष्णाकाठ, उसाचा मुलूख. आणि कृष्णाकाठचा ऊस तोडायला वर्षानुवर्षं जातात ती माणसं या डोंगरपट्ट्यातली. त्या गाडीतल्या पाण्याची आणि आमच्या माणसांची ओळख जुनी होती. ती कुण्या फोटोखाली छापलेली मी वाचली नाही.

“आता आठ दिसांनी टोळी निघंल,” मावशी म्हणाल्या. मुलगा-सून, म्हणजे ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता. मजुरीची आगाऊ उचल उन्हाळ्यातच घेऊन झाली, लग्नात खर्चून झाली.

“कुठं यंदा?”

“मुकादम सांगंल तिकडं. औंदा कर्नाटक म्हनत्यात.”

“आणि तुम्ही?”

“लेकरं संगं नेत्यात. मग म्याबी जाते. लेकराला कोन बगंल?”

उतरताना त्यांनी दोन सीताफळं हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत; “फिराया आलाव म्हनता ना,” एवढंच म्हणाल्या. घरी ती तांदळाच्या डब्यात ठेवली आहेत. एक बोटाला मऊ लागतंय, दुसरं अजून दगड.

कुणाला हा डोंगर चढायचा असेल तर दिवाळीच्या आत जा, आणि पायमोज्यांशिवाय जा. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला यात्रा भरते, तेव्हा दर्शनाला येणाऱ्यांनी रस्ते फुललेले असतात. मावशींच्या दाराला तेव्हा कुलूप असेल.